आतून जळालेलं गाठोडं

१

दाराचं कुलूप जसंच्या तसं होतं आणि आत खोली जळत होती.

माया भाजीची पिशवी घेऊन जिन्यापाशी पोचली तेव्हा वरच्या गॅलरीतून काळा धूर खाली उतरत होता. कल्याण पूर्वेची ती जुनी दुमजली चाळ, सगळ्यांची दारं एकाच गॅलरीत उघडणारी. धूर कोणाच्या दारातून येतोय हे तिला खालूनच कळलं, पण पाय उचलेनात. सहावा महिना चालू होता. कठड्याला धरत धरत ती वर चढली. तोवर खालच्या मजल्यावरच्या सर्वेशने पहारीने कुलूप तोडलं होतं आणि बायका हातोहात बादल्या पुढे सरकवत होत्या.

तिचे सासरे, जगन साळवे, पेढीवरून धावत आले. फौजेतून निवृत्त झाल्यावर ते कल्याणातल्या एका सोन्याच्या पेढीवर गनमॅन म्हणून लागले होते. स्वतःच्या परवान्याची दुनळी बंदूक घेऊन दारात उभं राहायचं, अशी ती नोकरी. बंदूक कोणाच्या हाती द्यायची नाही आणि उघड्यावर ठेवायची नाही, हा त्यांचा नेम. त्यामुळे खांद्याला बंदूक अडकवूनच ते पाणी ओतत राहिले. बंदुकीचा लाकडी दस्ता नुकता न्हाल्यासारखा लालसर चमकत होता. तो चालताना घासत होता तिथे, पँटच्या मांडीवर, तेलकट पिवळा पट्टा उमटला होता. अशा वेळी माणसाला नको ते दिसतं. मायाला ते दिसलं आणि ती विसरूनही गेली.

आग विझली. कोणाला इजा झाली नव्हती. पण पलंग गेला, गादी गेली, पलंगाखालचं कपड्यांचं गाठोडं गेलं, आणि शेजारच्या आवडाबाईंच्या खोलीची लाकडी भिंत अर्धी कोळसा झाली. बुद्धाच्या तसबिरीची काच काळी पडली होती, ती सासूबाईंनी, कांताबाईंनी, पदराने पुसली.

मग आवडाबाईंनी तो प्रश्न विचारला.

"घरात शेवटी कोण होतं?"

सर्वेशने हातातली पहार भिंतीला टेकवली.

"वहिनी, राग नका मानू. पण त्या दिवशी गॅलरीत तुम्हीच बोललेल्या ना, या बंदुकीला एक दिवस काडी लावीन म्हणून? मी ऐकलेलं. सगळ्यांनीच ऐकलेलं."

२

बोलली होती. खोटं कसं म्हणणार?

बंदूक पलंगाखालच्या लोखंडी पेटीत असायची आणि त्याच पलंगावर माया झोपायची. काडतुसं सासरे पेढीच्या तिजोरीत ठेवत, हे तिला माहीत होतं. पण भीतीला माहितीचं काय. एकदा सासरे नळ्या साफ करत बसले असताना ती आत आली, समोर दोन काळी भोकं बघितली आणि तिचं डोकं फिरलं. तेव्हा गॅलरीत येऊन ती ते बोलून गेली. त्यानंतर राकेशने, तिच्या नवऱ्याने, बापाकडून शब्द घेतला: बाळ होऊन मोठं होईपर्यंत घरात बंदूक उघडायची नाही. ड्युटीवरून आली की पेटीत, पेटीतून ड्युटीवर. सासऱ्यांनी शब्द दिला होता, आणि ते शब्द देणारे नि पाळणारे म्हणून चाळीत ओळखले जात.

आग लागली त्याच संध्याकाळी राकेशने तिला जिन्याखाली बाजूला घेतलं.

"माया, खरं सांग. काही पेटवलेलंस का? मी कोणाला नाही सांगणार."

कोणाला न सांगण्यासारखं काहीतरी आहे, हे त्याने मनाशी धरलंच होतं.

सर्वेशने चाळकऱ्यांच्या सह्या घेऊन पोलिसांत अर्ज दिला. हवालदार रविवारी जबाब घ्यायला येणार होता. मायाचा भाऊ सम्यक घोडबंदर रोडवरच्या ऑफिसातून फोनवर म्हणाला, "ताई, तू बॅग भर. मी न्यायला येतो. बाकी वकील बघेल."

"आत्ता निघाले तर मीच लावली असं होईल," माया म्हणाली. "आणि मग माझं बाळ कोणत्या घरात जन्मेल, सांग ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ठाण्याला उतरली, पण माहेरी गेली नाही. नौपाड्यात, स्टेशनपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर, चित्राबाई दामले राहत. शाळेत त्यांनी मायाला विज्ञान शिकवलं होतं. निवृत्त झाल्या तरी त्यांची मुलं काही सुटली नव्हती. आत्ताही गॅलरीत सोसायटीतली चिल्लीपिल्ली लिंबात तारा खुपसून बसली होती.

"दिवा लागत नाही बाई," एक मुलगी कुरकुरली.

"का लागत नाही, ते लिंबाला विचार. मला विचारून काय उपयोग?" म्हणत बाईंनी मायाला आत घेतलं, पाणी दिलं आणि ती रडून होईपर्यंत थांबल्या.

"आता सांग. काय वाटतं ते नको, काय दिसलं ते. घाई करू नकोस."

मायाने सांगितलं. आगीच्या आदल्या दिवशी तपासणीसाठी ती माहेरी आली होती. आगीच्या दिवशी दुपारी कल्याणला परतली, तेव्हा सासू दवाखान्यातल्या कामावर, राकेश आणि सासरे आपापल्या ड्युटीवर गेलेले. घरात शिरताच तिला मळमळलं.

"कशाने?"

"वासाने. जवसाच्या चटणीसारखा, पण खवट. कुठे रंगकाम चालू असलं की येतो ना, तसापण. मला वाटलं, आवडाबाईंनी चटणी कुटली. उलटी झाली. म्हणून मी गॅस बंद आहे ना बघितलं, मेन स्विच खाली केला, खिडकी लावली, कुलूप घातलं आणि भाजी आणायला गेले. वासासाठी कोणी घर सोडतं का, म्हणतात सगळे."

"सहाव्या महिन्यातली बाई सोडते," बाई म्हणाल्या. "घरात दिवा, उदबत्ती, डासांची कॉइल?"

"काहीच नाही."

"म्हणजे वीज नाही, गॅस नाही, काडी नाही. कुलूप बाहेरून. बरं, जळालेलं सामान उचललंत का?"

"नाही. पोलीस बघेपर्यंत हात लावायचा नाही म्हणाले. आम्ही खाली रिकाम्या खोलीत झोपतो."

चित्राबाईंनी चष्मा पुसला. "उद्या येते मी. आणि माया, मला एक कबूल कर. तिथे काहीही निघालं, अगदी तुझ्या घरच्यांविरुद्ध निघालं, तरी माझं पूर्ण होईपर्यंत बोलायचं नाही."

घरच्यांविरुद्ध? मायाने मान हलवली खरी, पण परत येताना तो एकच शब्द तिच्या डोक्यात घुमत राहिला.

३

दुसऱ्या दिवशी चित्राबाई चाळीत आल्या तेव्हा आवडाबाई गुडघे धरून दारातच बसल्या होत्या.

"चटणी? मला दात नाहीत बाई, जवसाची चटणी कुठून खाऊ? यांची दुसरी किल्ली माझ्याकडे असते, हो. ती बघा खिळ्याला, त्या गडबडीत सुचलीच नाही. मी दुपारी टीव्ही लावून पडलेली. भिंत गरम लागली तेव्हा जागी झाले. माझी भिंत कोण देणार करून?"

सर्वेश दुचाकी पुसत होता. चाळ पाडून टॉवर व्हावा म्हणून गेलं वर्षभर घरोघर सह्या मागणारा तोच.

"त्या दुपारी तुम्ही वरच्या गॅलरीत सिगारेट ओढत होता म्हणे," चित्राबाई म्हणाल्या.

"ओढत होतो. मग काय, बंद खिडकीतून आत फुंकली? तुम्ही सीआयडी आहात का मॅडम?"

"नाही हो, मास्तरीण. खिडकी बंद होती, हे पक्कं आठवतं तुम्हाला?"

"आठवतं ना. काच मीच फोडली नंतर, धूर जायला."

"छान. तुम्ही आत्ता स्वतःला सोडवलंत," बाई म्हणाल्या, आणि सर्वेश फडकं हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिला.

मग त्या जळक्या खोलीत गेल्या. नाकाला रुमाल लावून माया मागे उभी राहिली. बाईंनी मोरीत डोकावलं. बादलीमागे काहीतरी चिकटलं होतं. त्यांनी ते दोन बोटांनी ओढून काढलं. पॉलिश पेपरचा तुकडा, लाकूड घासायचा. त्यावर लालसर भुकटी बसली होती. "तुमच्याकडे नुकतं सुतारकाम झालं?" मायाने नकारार्थी मान हलवली.

पलंगाच्या जागी गाठोड्याचा ढीग होता. कांताबाई त्याच्याशेजारी बसल्या आणि सांगू लागल्या.

"नातवंडासाठी गोधडी शिवणार होते. माझ्या आईची लुगडी, सासूची, माझी. धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. कोणाला हात लावू दिला नाही. ह्यांना तर बजावलेलं, यातली चिंधी बंदुकीला घ्यायची नाही."

वरून गुंडाळलेलं हिरव्या काठाचं लुगडं बाजूने करपलं होतं, पण बरंचसं शाबूत होतं. बाईंनी काठीने ते उलगडलं. आत काळी पोकळी होती. मधल्या कापडांची नुसती राख.

"माया, चुलीत भाकरी जळते ती कुठून?"

"बाहेरून."

"आणि हे?"

माया वाकली. "हे आतून जळालंय, बाई. पण आत काडी कोण लावणार? गाठ तर बाहेर आहे."

बाई उठून बाहेर आल्या. जगनराव ड्युटीवर निघण्याच्या तयारीत गॅलरीत उभे होते, बंदूक खांद्याला. तोच गणवेश, मांडीवर तोच पट्टा; धुऊनही निघाला नव्हता. बाईंनी नमस्कार केला.

"जय भीम," जगनराव म्हणाले. "विचारा. पण बंदूक घरात उघडली नाही मी. शब्द दिलाय पोराला."

"मी बंदुकीचं विचारतच नाही. दस्ता सुंदर दिसतो. फौजेत लाकडाला काय लावायचात हो?"

जगनरावांचा चेहरा उजळला. "अळशीचं तेल. नळीत फुलथ्रू मारायचा, म्हणजे दोरीला चिंधी बांधून आरपार ओढायची. मग लाकडाला अळशीचं तेल, तळव्याने चोळून चोळून. आमचे उस्ताद म्हणायचे, चेहरा दिसला पाहिजे त्यात." बोलता बोलता ते थांबले. अळशी म्हणजेच जवस. मायाने त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनी नजर काढून घेतली.

"आणि तेलाच्या चिंध्या? त्या कुठे टाकायचात?"

"दोरीवर. बराकीमागे," जगनराव म्हणाले. "मला उशीर होतोय."

ते जिना उतरून गेले. माया बाईंकडे वळली. "बाई, त्यांनीच. आणि तीन दिवस सगळे माझ्याकडे बोट दाखवत असताना गप्प बसले."

"गप्प बसले, हे खरं. पण आग त्यांनी लावली, असं मी म्हणत नाही." चित्राबाई सावकाश म्हणाल्या. "ती कशाने लागली, हे त्यांनाही माहीत नाही. आणि नुसतं सांगून कोणी ऐकणार नाही. दाखवावं लागेल. उद्या, पोलिसांसमोर."

"आणि नाही दाखवता आलं तर?"

बाईंनी पहिल्यांदाच तिच्याकडे न बघता उत्तर दिलं. "मग सम्यकला बोलावून ठेव."

४

रविवारी सकाळी चाळीसमोरच्या मोकळ्या जागेत चित्राबाईंनी लोखंडी घमेलं मांडलं. रंगाच्या दुकानातून जवसाचं उकळलेलं तेल आणलं, रंगारी वापरतात ते. जुन्या सुती साडीच्या चिंध्या त्यात भिजवून पिळल्या. निम्म्या चिंध्या दोरीवर पसरून वाळत टाकल्या. निम्म्या चुरगळून साड्यांच्या घड्यांमध्ये कोंबल्या आणि सगळ्याचं घट्ट गाठोडं बांधून घमेल्यात ठेवलं. गाठोड्याच्या पोटात प्रयोगशाळेतला लांब थर्मामीटर खोचला. बाजूला पाण्याच्या भरल्या बादल्या.

चाळीतली पोरं जमलीच. बाईंनी खडूने लांबवर रेघ ओढली.

"या रेघेच्या आत यायचं नाही. पारा मी वाचीन, तुम्ही मोठ्याने ओरडायचं. जमेल?"

"आजी, यात काय आहे?"

"एक कोडं. कोणी काडी लावलेली नाही, बघितलंत ना सगळ्यांनी?"

दुपार झाली. पारा थोडा चढला आणि थांबला. सर्वेश खुर्ची टाकून बसला होता. "मॅडम, शिजलं का? वाढायला ताटं आणू?" दोन-चार जण हसले. राकेश मायाच्या बाजूला उभा होता, पण हातभर अंतर सोडून. सम्यक मायाच्या बॅगेवर हात ठेवून पायरीवर बसला. दोरीवरच्या चिंध्या वाऱ्याने फडफडत होत्या, थंडगार. मायाला त्या गाठोड्याकडे बघवत नव्हतं आणि नजर काढताही येत नव्हती. त्या कापडाच्या पोटात काय घडतं, यावर तिचं घर टांगलेलं होतं.

हवालदार आले. वही उघडून म्हणाले, "हां, माया साळवे कोण?"

माया उठली.

"आजी, वास येतोय," रेघेपलीकडून एक पोरगी म्हणाली.

तोच वास. खवट चटणीचा, रंगाचा. मायाने पदर नाकाला लावला. चित्राबाई पाऱ्यावर वाकल्या, त्यांनी आकडा सांगितला, पोरांनी तो ओरडून सांगितला. मग पुढचा. मग पुढचा. पोरांचा आवाज वाढत गेला आणि मोठ्यांचा बंद पडला. बाई झपकन मागे सरल्या. गाठीच्या फटीतून धुराची बारीक रेघ निघाली. वरची साडी अजून कोरी होती. बाईंनी लांब काठीने गाठ उचकटली, वारा आत गेला, आणि काळ्या पडलेल्या पोटातून लाल ज्योत वर आली.

सर्वेश खुर्चीतून उठला. बाईंनी दोन बादल्या ओतल्या आणि काठीला टेकून उभ्या राहिल्या.

"पाणी वाळतं ते उडून जातं," त्या मुलांकडे बघत म्हणाल्या, जणू बाकी कोणी नव्हतंच. "हे तेल उडत नाही. ते हवेतला प्राणवायू घेतं आणि घट्ट होतं. तसं होताना ते तापतं. दोरीवर असलं तर ऊब वारा घेऊन जातो. म्हणून बराकीत कधी काही झालं नाही. पण तीच चिंधी लुगड्यांच्या घड्यांत कोंबली तर? गोधडीचं कामच ऊब धरून ठेवायचं. ती धरत गेली, चिंधी आणखी तापत गेली. बाळासाठी जमवलेल्या कापडानेच आग पोसली."

मग त्या हवालदारांकडे वळल्या. "खिडकी बंद, कुलूप बाहेरून, गाठोडं आतून जळालेलं. सर्वेशला आत जाता येत नव्हतं. आवडाबाईंकडे किल्ली होती, पण काडी गाठोड्याच्या पोटात कोणालाच लावता आली नसती, मायालाही नाही. तिचा गुन्हा एवढाच की तिला वास आला. मोरीत पॉलिश पेपर सापडलाय. आता ते तेल घरात कोणी आणलं, हे मी सांगणार नाही. ते सांगायचा हक्क ज्यांचा आहे, त्यांना मी वेळ देते."

कांताबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. तीस वर्षं संसार केलेल्या बाईला पुरावा लागत नाही.

"माझ्या आईचं लुगडं घेतलंत तुम्ही," त्या हळूच म्हणाल्या.

जगनराव पुढे आले. ताठ, परेडला यावं तसे.

"लिहा साहेब. घोडबंदर रोडला पेढीची नवीन शाखा होतेय, सगळी काचेची. मॅनेजर म्हणाला, तुमची बंदूक जुनाट दिसते, चकाचक करा नाहीतर एजन्सीचा माणूस घेऊ. सूनबाई माहेरी गेलेली. दस्ता घासला, तेल दिलं. शेवटचा हात त्या सकाळी मारला. शब्द मोडलेला, म्हणून लपवायचं होतं. गॅलरीतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं तर आवडाबाईंना दिसणार. म्हणून चिंध्या होत्या तिथेच परत कोंबल्या, मधोमध. नंतर धुवू म्हटलं." त्यांनी हवालदारांच्या वहीकडे बघितलं. "आग त्याने लागते, हे खरंच माहीत नव्हतं. पण घरात बंदूक उघडली हे पोलिसांना कळलं तर परवाना जाईल म्हणून गप्प राहिलो. पोरीवर आळ आला, तरी गप्प राहिलो. हे माहीत होतं."

"काका, परवान्याचं वरचे बघतील," हवालदार म्हणाले. "मला आहे ते लिहावं लागेल."

"आहे तेच लिहा," जगनराव म्हणाले.

राकेश ते हातभर अंतर ओलांडून जवळ आला. "मला वाटलेलंच, तू नसशील."

"नाही वाटलेलं तुला," माया म्हणाली. ती रागावली नव्हती. फक्त खरं बोलली.

सम्यकने बॅग उचलली. "येतेस?"

"बाळंतपणाला येईन," ती म्हणाली. "आज नको."

५

बंदूक चौकशी होईपर्यंत पोलिसांकडे जमा झाली. नव्या शाखेत एजन्सीचा माणूस उभा राहिला. जगनराव जुन्या पेढीवर दार उघडायला बसू लागले, बिनबंदुकीचे. सुट्टीच्या दिवशी ते आवडाबाईंची भिंत ठोकून देत होते. त्या खुर्चीत बसून खिळे नीट लागतात की नाही ते बघत.

चाळीतल्या बायकांनी एकेक जुनी साडी आणून दिली. सर्वेशच्या आईनेही दिली. कांताबाईंनी हिरव्या काठाच्या लुगड्याची करपलेली कड कापली. उरलेलं गोधडीच्या वरच्या बाजूला पुरणार होतं. माया प्रत्येक साडी नाकाशी धरायची, मग गॅलरीतल्या दोरीवर पसरायची. दोरी सैल पडत होती. जगनराव हातोडी ठेवून आले आणि त्यांनी दोरीचं दुसरं टोक खेचून धरलं. आग लागल्यापासून ते तिच्याशी कामापुरतंसुद्धा बोलले नव्हते.

संध्याकाळी साड्या काढताना त्यांनी विचारलं.

"गाठोडं बांधू का?"

मायाने सासऱ्यांकडे बघितलं. हातातली साडी तिने त्यांच्या हातावर ठेवली.

"नको पप्पा," ती म्हणाली. "राहू द्या उघडंच."